घरातला अलार्म बंद करताना या चुका टाळा

कोल्हापुरात घरोघरी चोरीपासून सावध करणारे अलार्म बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी गेली एकोणीस वर्षे करतो आहे. रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनांमध्ये यंत्राचा दोष निघावा असे प्रसंग थोडे असतात. बहुतेक वेळा भोंगा वाजू लागल्यावर पहिल्या दोन मिनिटांत घरातल्यांनी जी घाई केलेली असते, तिच्यामुळे साधी गोष्ट अवघड होऊन बसलेली असते. त्याच त्या चुका इतक्या घरांत पाहिल्या, की आता त्या एकदा सविस्तर लिहून काढाव्यात असे वाटले.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मेन स्विच पाडणे. लाईट बंद केली की भोंगाही बंद होईल, असे माणसाला वाटते. पण चोर आधी लाईटच तोडतो, हे गृहीत धरूनच अलार्म बनवलेला असतो. पॅनेलच्या, म्हणजे सगळा अलार्म चालवणाऱ्या मुख्य यंत्राच्या, डब्यात 12 व्होल्टची, साधारण 7 अँपिअर-अवरची बॅटरी बसवलेली असते आणि ती चांगली असेल तर लाईट गेल्यावरही पॅनेल जवळपास एक दिवस सहज चालते. म्हणजे मेन स्विच पाडून भोंगा थांबत नाही, फक्त घरात अंधार होतो; आणि आत खरोखर कोणी शिरलेले असेल तर त्या अंधाराचा फायदा आपल्याला नाही, त्यालाच होतो.

त्याच्यापुढची चूक म्हणजे भोंग्याची वायर तोडणे. काही वर्षांपूर्वी ऐन जुलैच्या पावसात नागाळा पार्कातल्या एका बंगल्यावरून मला रात्री दीड वाजता फोन आला. घरची मंडळी मुलीकडे पुण्याला गेली होती आणि किल्ली शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या पुतण्याकडे होती. भोंगा वाजताच तो धावत आला, त्याने मेन स्विच पाडला, आवाज थांबेना म्हणून ओल्या भिंतीला शिडी लावली आणि पकडीने बाहेरच्या भोंग्याच्या वायरी भिंतीलगत तोडल्या. मी पोहोचलो तेव्हा गल्लीतले सगळे लोक छत्र्या घेऊन बाहेर उभे होते आणि पुतण्या रडकुंडीला येऊन म्हणत होता, “काका, वायर तोडली तरी वाजायलंय की!”

वाजणारच होते. त्या भोंग्याच्या डब्यात त्याची स्वतःची छोटी बॅटरी होती, आणि पॅनेलकडून येणारी वायर तुटली की कोणी तरी मुद्दाम तोडली असे समजून त्याने वाजत राहावे, अशीच त्याची रचना होती. त्या घरच्या पॅनेलवर भोंग्याची वेळ मी दहा मिनिटांची लावून दिली होती. कोणी हातच लावला नसता तर दहा मिनिटांनी तो आपोआप थांबला असता. आता मात्र पॅनेलवर कोड दाबूनही उपयोग नव्हता, कारण पॅनेलचा निरोप भोंग्यापर्यंत नेणारी वायरच उरली नव्हती. मी कानांत बोळे घालून शिडीवर चढलो, टॉर्च तोंडात धरली आणि डबा उघडून आतली बॅटरी सोडवली. तोडलेल्या वायरींची टोके भिंतीच्या भोकात इतकी आत गेली होती, की जोड द्यायला बोटभर लांबीही शिल्लक नव्हती; दुसऱ्या दिवशी भिंत फोडून नवी वायर ओढावी लागली. पुतण्याचा पाय शिडीच्या ओल्या पायरीवरून घसरून घोट्याशी सुजला होता. आणि अलार्म वाजण्याचे कारण काय, तर पावसाने फुगलेला स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा नीट लागला नव्हता आणि वाऱ्याने हलून, दार उघडल्याचे अलार्मला कळवणारे त्याच्यावरचे चुंबक आपल्या जागेवरून सरकले होते.

या प्रकरणात मला खरा दोष दिसतो तो निघण्यापूर्वीच्या घाईचा. घरच्यांनी पुतण्याला किल्ली दिली, पण कोड दिला नाही. तेव्हापासून माझा नेम आहे, की ज्याच्या हाती किल्ली त्याच्या तोंडी कोड. आजच्या बहुतेक पॅनेलमध्ये प्रत्येक माणसासाठी वेगळा कोड ठेवता येतो; पाहुण्याला, भाडेकरूला किंवा पुतण्याला तात्पुरता कोड द्यावा आणि आपण परत आल्यावर तो काढून टाकावा. नवे पॅनेल बसवून झाले की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातून तीन वेळा अलार्म चालू आणि बंद करून घेतल्याशिवाय मी ते घर सोडत नाही. आजींना कशाला त्रास, असे सून म्हणते. पण दुपारी अलार्म वाजेल तेव्हा घरात आजीच असणार आहेत.

आणखी एक चूक आवाज न करणारी आहे, म्हणून जास्त घातक आहे: कोड दाबून भोंगा थांबवायचा आणि तो का वाजला हे न पाहता झोपायला जायचे. राजारामपुरीतल्या एका निवृत्त जोडप्याच्या घरी एकाच आठवड्यात तीन रात्री अलार्म वाजला. प्रत्येक वेळी त्यांनी कोड दाबला, सगळीकडे शांतता झाली, आणि चौथ्या रात्रीपासून “हे यंत्र खोटे बोलते” म्हणून त्यांनी अलार्म लावणेच सोडून दिले. मला बोलावले तेव्हा आणखी चार रात्री तशाच गेल्या होत्या. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला सेन्सर मी खाली काढला तर त्याच्या काचेवर कोळ्याचे जाळे होते आणि मागच्या फटीत पालीची विष्ठा. हा सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो, त्यामुळे काचेच्या अगदी जवळून पाल किंवा किडा सरकला तरी त्याला मोठी हालचाल झाल्यासारखे वाटते. कोरड्या मऊ फडक्याने काच पुसली, मागची फट सिलिकॉनने बंद केली आणि तक्रार संपली. चार रात्री ते घर उघडे राहिले ते एका जाळ्यासाठी.

कोणत्या झोनमुळे, म्हणजे घराच्या कोणत्या दारामुळे किंवा भागामुळे, अलार्म वाजला हे कीपॅडवर आकड्याने किंवा दिव्याने दिसते, आणि अनेक पॅनेलमध्ये अलार्म पुन्हा चालू केला की ही नोंद पुसली जाते. म्हणून भोंगा थांबताच तो आकडा कागदावर लिहून ठेवावा, मगच पुढचे पाहावे. मी प्रत्येक कीपॅडजवळच्या कपाटात आतल्या बाजूला झोनची यादी चिकटवून ठेवतो: एक म्हणजे पुढचे दार, दोन म्हणजे हॉल, तीन म्हणजे मागचे दार. कोड मात्र त्या यादीवर कधीही लिहू नये.

येथे एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. बाहेरून घरी आलात आणि भोंगा वाजत असेल, कडी तुटलेली किंवा दार उघडे दिसत असेल, तर भोंगा बंद करण्यासाठी आत जाऊ नका. शेजाऱ्याकडे थांबा आणि 112 वर फोन करा. आवाज चालू राहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. आतला माणूस बाहेर पडायच्या वाटेवर असताना तुम्ही त्याच्या समोर येणे मात्र टाळलेच पाहिजे. धुराच्या अलार्मलाही हाच नियम लागू आहे: आधी घरातल्यांना बाहेर काढावे, आवाजाचे नंतर बघता येते.

कोड चुकला की लोक एकामागून एक आकडे दाबत सुटतात. पुष्कळ कीपॅड काही चुकीच्या प्रयत्नांनंतर थोडा वेळ बंद होतात, मग बरोबर कोडही चालत नाही. म्हणून एकदा चुकले तर हात मागे घ्यावा, एक श्वास घ्यावा आणि सावकाश पुन्हा दाबावा. कारखान्यातून आलेला 1234 हा कोड वर्षानुवर्षे तसाच ठेवणारी घरे मला आजही भेटतात, आणि असा कोड न बदलता काम सोपवून जाणाऱ्या कारागिराला मी कारागीर मानत नाही.

वाजत्या भोंग्याला कान लावून दोष शोधणारेही असतात. घरचा भोंगा जवळून 110 डेसिबलच्या आसपास वाजतो, आणि एवढा आवाज कानाला दीड मिनिटापेक्षा जास्त सोसवत नाही असे मानले जाते.

घराचे काम काढायचे आहे किंवा घर बरेच दिवस बंद राहणार आहे, म्हणून अलार्म पूर्ण बंद करायचा असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोड दाबून अलार्म बंद करावा, मग बसवणाऱ्याला बोलावून पॅनेल दुरुस्तीच्या स्थितीत न्यावे, कारण त्याशिवाय डब्याचे झाकण उघडले की छेडछाडीचा इशारा वाजतो. ज्यांच्या नंबरवर पॅनेल आपोआप फोन लावते त्यांना आधी कळवावे. त्यानंतर पॅनेलचा एमसीबी, म्हणजे त्याला लाईट देणारा स्विच, पाडावा, टेस्टरने खात्री करावी आणि शेवटी बॅटरीची वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळावी. डब्यात एका बाजूला 230 व्होल्ट असतात हे यूट्यूबवर पाहून झाकण उघडणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, आणि लहानशी दिसणारी बॅटरीसुद्धा दोन्ही टोकांना एकदम स्क्रू-ड्रायव्हर लागला तर ठिणगी पाडून हात भाजवते.

बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी लागते. बसवताना तिच्यावर मार्करने महिना आणि वर्ष लिहावे. लाईट गेली की अलार्म उगाच वाजतो, या तक्रारीत मला बहुतेक वेळा जुनी, थकलेली बॅटरीच सापडते.

शेवटी पुराविषयी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या सखल भागांत घरांत शिरले, तेव्हा कित्येकांनी भिजलेली पॅनेल उन्हात वाळवून तशीच चालू केली. वरून कोरड्या दिसणाऱ्या आतल्या सर्किटच्या पाटीवर जोडांमध्ये गाळ आणि गंज राहतो आणि तीच पॅनेल पुढे महिनोन्‌महिने अवेळी वाजत राहतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडे जाऊ लागले आणि घर सखल भागात असेल, तर सामान हलवतानाच अलार्म कोड दाबून बंद करावा, एमसीबी पाडावा आणि बॅटरी काढून माळ्यावर ठेवावी. भिजलेले पॅनेल बसवणाऱ्याने उघडून तपासेपर्यंत त्याला लाईट देऊ नये. त्या भागात नवे पॅनेल मी आता जमिनीपासून सात फुटांच्या वरच बसवतो, मग भिंतीवर ते कितीही वाईट दिसो.