राइज की रेज, बाय की अनटिल? आयल्ट्सवाल्यांनो, आधी मराठीला विचारा

आयल्ट्स म्हणजे परदेशी शिकायला-नोकरीला जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा, तिची तयारी सुरू केली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवतं, गोंधळ होणाऱ्या शंभर-दोनशे शब्दजोड्यांची, आणि आपण ती वरून खाली पाठ करायला बसतो. मीपण बसले होते. चार दिवसांनी लक्षात आलं की पाठ तर होतंय पण निबंध लिहिताना ऐनवेळी हात तिथेच अडखळतोय. मग मी ती यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक जोडी मराठीत बोलून बघायला लागले, तेव्हा कळलं की या जोड्या सगळ्या सारख्या अवघड नाहीतच. काहींमधला फरक मराठीत आधीपासून आहे, तिथे पाठ काहीच करायचं नाही. काही ठिकाणी इंग्रजीत दोन शब्द आणि मराठीत एकच, खरा घोळ तिथे होतो. आणि काही नुसत्या स्पेलिंगच्या. तर यादी हातात आली की आधी पेन घ्या आणि हे तीन गट पाडा.

पहिला गट घ्या. ॲकॅडमिक प्रकारच्या परीक्षेत रायटिंगच्या पहिल्या प्रश्नात, म्हणजे टास्क १ मध्ये, ग्राफ आला की राइज आणि रेज लागणारच. राइज म्हणजे वाढणं, रेज म्हणजे वाढवणं. मधे तो 'व' आला की रेज, बस. किंमत वाढली, द प्राइस रोझ. कंपनीने किंमत वाढवली, द कंपनी रेज्ड द प्राइस. आता बरेच जण 'द प्राइस वॉज रोझन' असलं काहीतरी लिहून ठेवतात, तिथेपण मराठीला विचारा. 'किंमत वाढवली गेली' आपण म्हणतो, म्हणून वॉज रेज्ड चालतं. 'किंमत वाढली गेली' कोणी म्हणतं का? नाही ना, मग वॉज रिझन असं लिहायचंच नाही. रूपं मात्र पाठ हवीत, राइज-रोझ-रिझन आणि रेज-रेज्ड-रेज्ड. हाच 'व' शिकणं-शिकवणं मध्ये आहे, म्हणजे लर्न आणि टीच.

ग्राफमध्येच दुसरी चूक होते ती बाय आणि टू ची. मराठीत '२० ने वाढले' आणि '६० वर गेले' यात तुमचा कधी गोंधळ होतो का? ने म्हणजे बाय, वर म्हणजे टू. दुकानं ४० ची ६० झाली तर रोझ बाय ट्वेंटी किंवा रोझ टू सिक्स्टी, दोन्ही बरोबर. पण आकडे टक्क्यांचे असतील, म्हणजे ४० टक्क्यांवरून ६० टक्के, तर बाय ट्वेंटी पर्सेंट लिहू नका, ट्वेंटी पर्सेंटेज पॉइंट्स लिहा, कारण ४० चे २० टक्के म्हणजे फक्त ८ होतात आणि तुमचं वाक्य आकड्यातच चुकतं. आणि पर्सेंट की पर्सेंटेज हा प्रश्न तर मराठीने कधीच सोडवलाय, आकड्यापुढे टक्के, आकडा नसेल तर टक्केवारी. ३० पर्सेंट ऑफ विमेन, पण द पर्सेंटेज ऑफ विमेन.

बाकी या गटातल्या पटापट सांगते. ऐकू येणं हिअर, लक्ष देऊन ऐकणं लिसन. दिसणं सी, बघणं लुक ॲट. उसनं घेणं बॉरो, उसनं देणं लेंड. आणणं ब्रिंग, नेणं टेक. म्हणणं से, सांगणं टेल, आणि टेलला लगेच पुढे माणूस लागतो, टेल मी, टेल हर, सेला मधे टू घालावा लागतो.

नंबर आणि अमाउंटला जरा जपून. आपण संख्या आणि प्रमाण असे शब्द वापरतो खरे पण 'गुन्ह्यांचं प्रमाण' असंही सर्रास म्हणतो, आणि मग अमाउंट ऑफ क्राइम्स लिहिलं जातं. त्याऐवजी 'किती' लावून बघा. किती गाड्या, अनेकवचन आलं, नंबर ऑफ कार्स, फ्यूअर कार्स. किती पाणी, एकवचन राहिलं, अमाउंट ऑफ वॉटर, लेस वॉटर. ही युक्ती काही ठिकाणी फसते, त्यातली दोन लिहून ठेवा. आपण सल्ले म्हणतो पण ॲडव्हाइसला एस लागत नाही, आणि आपण उपकरणं म्हणतो पण इक्विपमेंटलाही एस लागत नाही. माहितीचं मात्र बरंय, 'माहित्या' कोणी म्हणत नाही तसंच इन्फर्मेशन्सही लिहायचं नाही.

आता दुसरा गट, यावर सगळ्यात जास्त वेळ द्या असं मी कळकळीने सांगते, कारण इथे चूक झालेली आपल्याला कळतच नाही, आपल्या कानाला वाक्य बरोबर वाटतं. सगळ्यात मोठा घोटाळा 'पर्यंत'चा. सोमवारपर्यंत फॉर्म भर, सोमवारपर्यंत थांब, मराठीत एकच पर्यंत, इंग्रजीत पहिलं बाय आणि दुसरं अनटिल. ओळखायचं कसं तर पर्यंतच्या जागी 'च्या आत' टाकून बघायचं. 'सोमवारच्या आत फॉर्म भर' चालतं, म्हणून बाय मंडे. 'सोमवारच्या आत थांब' म्हटलं तर अर्थच लागत नाही, म्हणून अनटिल मंडे. ग्राफमध्येही तेच, २०१० पर्यंत लोकसंख्या दुप्पट झाली होती, बाय २०१०, पण २०१० पर्यंत लोकसंख्या वाढत राहिली, अनटिल २०१०. एक गोष्ट होऊन संपते, दुसरी चालू राहते.

मग 'पासून'. दोन वर्षांपासून इथे राहतेय, २०१९ पासून इथे राहतेय, आणि इंग्रजीत आपण दोन्हीला सिन्स लावून मोकळे. पासून काढून बघा. 'दोन वर्षं इथे राहतेय' चालतं, म्हणून फॉर टू इयर्स. '२०१९ इथे राहतेय' चालत नाही, म्हणून सिन्स २०१९. आणि मराठीतलं 'राहतेय' बघून आय ॲम लिव्हिंग लिहायचा मोह होतो, दोन्हीकडे आय हॅव बीन लिव्हिंग हवं. स्पीकिंगमध्ये पहिल्या दोन मिनिटांतच घर, शिक्षण, नोकरी विचारतात तेव्हा ही चूक हमखास होते, म्हणून हे एक वाक्य तरी तोंडात बसवाच.

अफेक्ट-इफेक्ट मी याच गटात धरते, कारण आपल्याकडे 'परिणाम' या एका शब्दावरच सगळं चालतं. 'प्रदूषणाचा आरोग्यावर परिणाम होतो', यातला 'वर' आपण ऑन म्हणून घेऊन जातो आणि अफेक्ट्स ऑन हेल्थ लिहितो. तर असं धरा, अफेक्ट हे क्रियापद, त्याला ऑन लागत नाही, पोल्यूशन अफेक्ट्स हेल्थ. इफेक्ट हे बहुतेक वेळा नाम, मागे ॲन किंवा द किंवा एखादं विशेषण आणि पुढे ऑन, पोल्यूशन हॅज ॲन इफेक्ट ऑन हेल्थ. टास्क २ म्हणजे निबंध, त्याचे बरेच विषय परिणामांवरच असतात, तेव्हा ही जोडी अंधारातही बरोबर लिहिता आली पाहिजे.

आणखी अशा बऱ्याच आहेत. भाडं घराचं असेल तर रेंट, बसचं असेल तर फेअर. सावलीत बसलो ती शेड, जमिनीवर आपली पडते ती शॅडो. सहलीला मजा आली तर इट वॉज फन, फनी म्हणजे हसू आलं. ऐतिहासिक निर्णय, ज्याने काहीतरी बदललं, तो हिस्टॉरिक, आणि इतिहासाशी संबंधित कागदपत्रं हिस्टॉरिकल. शंका विचारायची असेल तर आय हॅव अ क्वेश्चन म्हणा, डाउट म्हणजे खात्री नसणं.

तिसरा गट स्पेलिंगचा. लिसनिंगच्या ४० प्रश्नांत शब्द बरोबर ऐकला पण स्पेलिंग चुकलं तर तो मार्क जातो, म्हणून हे हाताने लिहायचं, नुसतं वाचून उपयोग नाही. वह्या-पेनांच्या स्टेशनरीत शेवटी ई-आर-वाय, एन्व्हलपचा ई लक्षात ठेवा, जागच्या जागी उभं असलेल्यात ए-आर-वाय. जेवणानंतरच्या गोडाच्या डिझर्टमध्ये दोन एस, वाळवंटाच्या डेझर्टमध्ये एक. लूजचं मात्र उलटं करून घ्यावं लागतं. आपण 'पँट लूज झाली' म्हणतो, पण इंग्रजीत त्या ढिल्या पँटवाल्या शब्दाचा उच्चार लूस आहे आणि त्यात दोन ओ, आणि गमावणं या अर्थाच्या शब्दात एकच ओ, त्याच्या शेवटी आपल्या 'जमीन'मधला ज येतो. तोच ज ॲडव्हाइज या क्रियापदात, तिथे एस लिहायचा, आणि सल्ला या नामात स ऐकू येतो पण लिहायचा सी.

उच्चाराचं एक राहिलं. वेस्ट आणि व्हेस्ट, वाइन आणि व्हाइन. आपण मराठीत लिहिताना व्हॅन, व्होट असं व्ह लिहितो आणि वॉच, वॉर्डला साधा व, म्हणजे लिहिताना फरक करतोच, फक्त बोलताना करत नाही. व्ह लिहितो तिथे वरचे दात खालच्या ओठाला लावा, साधा व लिहितो तिथे ओठांचा चंबू करा, दात लावू नका.

रोज पाचच जोड्या घ्या, प्रत्येकीची दोन वाक्यं स्वतःच्या आयुष्यातली लिहा, पीडीएफमधली उतरवू नका. मग तुमचे जुने निबंध काढा आणि लाल पेनाने बाय, सिन्स, अफेक्ट, रेज एवढे चारच शोधा, कोणती चूक तुमची स्वतःची आहे ते दोन-तीन निबंधांत दिसतं. रायटिंगमध्ये शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन आहे, तर टास्क २ च्या ४० मिनिटांतली शेवटची तीन राखून ठेवा आणि तेव्हा पूर्ण निबंध वाचत बसण्याऐवजी हेच चार शब्द शोधा.