३५ डॉलरची पावती २३३ला कशी फाटते

दर हिवाळ्यात अमेरिकेतून ठाण्यात आले की कुणी ना कुणी भेटायला येतंच. मुलगा सॅन होजेला चाललाय, भाची फ्रीमाँटला नोकरीला लागलीय, "काकू, चार गोष्टी सांगा." कुकर न्यावा का, मेतकूट कस्टम्समध्ये अडवतात का, हे तुमच्या आयांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. घर, बँक, फोन ही कामं तर पंधरा दिवसांत उरकतात. मी सांगते ते गाडीबद्दल, कारण आपली मुलं तिथे पैसे घालवतात ती गाडीपायीच. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे, टेक्सास-न्यू जर्सीवाल्यांनी आपापल्या राज्याचं बघावं.

तिथे राहायला गेलात की १० दिवसांत कॅलिफोर्नियाचं लायसन्स काढायचं असतं. भारतातल्या लायसन्सवर वर्षभर चालतं, असं तिथल्या महाराष्ट्र मंडळातले जुने लोक छातीठोक सांगतात. त्यांचं ऐकू नका. हेच लोक दंडही माफ करून घेता येतो म्हणतात.

पोलिसाने मागून दिवे लावले की काय करायचं, हे नीट ऐका. तीन हात नाक्यावर आपण गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो आणि "साहेब, जरा बघा ना" सुरू करतो. तिथे उतरायचं नाही. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि कागद मागितल्याशिवाय डॅशबोर्डच्या खणात हात घालायचा नाही. चिरीमिरीचा तर विचारही नको, दंड राहील बाजूला आणि हातात बेड्या पडतील. तिकिटावर, म्हणजे चलनावर, सही मागतात ती करून टाकायची. सही म्हणजे गुन्हा कबूल नव्हे, ठरल्या तारखेपर्यंत हजर राहीन एवढाच तो शब्द असतो.

आता पैशाचं. लाल दिव्यावर उजवीकडे वळायला परवानगी असते, पण आधी चाकं पूर्ण थांबवून. आपली मुलं हळू करतात आणि वळतात. याचा मूळ दंड ३५ डॉलर. हे ऐकून हायसं वाटतं, आणि मग घरी पत्र येतं २३३चं. चूक झालीय असं समजून मुलं फोनाफोनी करत बसतात. चूक नसते. आधी ३५चे ४० धरतात आणि त्यातल्या दर १० डॉलरवर बहुतेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) २९ डॉलर चढवतात: राज्याचे १०, काउंटीचे ७, कोर्टाच्या इमारतींचे ५, डीएनए तपासणीचे ५, तातडीच्या वैद्यकीय सेवेचे २. झाले ११६. वर मूळ दंडावर २० टक्के अधिभार म्हणजे ७, कोर्ट चालवण्याचे ४० आणि दोषी ठरल्याचे ३५. काही ठिकाणी आणखी थोडी चिल्लर. सिग्नल सरळ तोडलात तर १०० डॉलरचे ४९०च्या आसपास होतात. लग्नाच्या हॉलचं बिल बघा, भाडं एक ओळ आणि बाकी पानभर इतर आकार, तसंच हे.

हा पैसा जातो कुठे? सगळा रस्त्यावर जात नाही, हे आधीच सांगते. राज्याच्या त्या १० डॉलरमधून पोलिसांचं प्रशिक्षण, गुन्ह्याच्या बळींना भरपाई, अगदी मासे आणि वन्यजीवांच्या खात्यालाही वाटा होता. सुमारे चौथा हिस्सा ड्रायव्हिंग शिकवण्याच्या नावाने निघायचा आणि बराचसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जिरायचा. २०१७मध्ये ती ठरलेली टक्केवारीच काढून टाकली. इमर्जन्सीचे २ डॉलर मला पटतात, कारण पैसे नसलेला जखमी दवाखान्यात आला तर डॉक्टरांची फी त्यातून निघते. कोर्टाची इमारत मात्र माझ्या चुकीवर उभी राहावी हे पटत नाही. उद्या सगळे शहाण्यासारखे गाडी चालवायला लागले तर त्या इमारतींचे हप्ते कोण भरणार?

लहान मूल असेल तर पुढचं दोनदा वाचा. ८ वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या आसनातच बसवायचं, आणि २ वर्षांखालचं बाळ साधारणपणे मागे तोंड करून. घोडबंदर रोडने आपण बाळाला मांडीवर घेऊन जातो, तिथे ती सवय मोडा. पहिल्यांदा मूळ दंड १०० डॉलर, म्हणजे वरच्या हिशेबाने पाचशेच्या घरात. पण या दंडाचं वाटप कायद्यातच लिहिलंय: ६० टक्के रक्कम जिथे गुन्हा घडला तिथल्या आरोग्य विभागाला, आसन नीट कसं बसवायचं हे शिकवायला आणि गरजू कुटुंबांना आसन मिळवून द्यायला. सायकल हेल्मेटचंही तसंच. १८ वर्षांखालच्या मुलाने घातलं नाही तर मूळ दंड २५ डॉलर, आणि त्यातला ७२.५ टक्के सायकल-सुरक्षा शिकवायला आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या हेल्मेटला. रक्कम चिमुकली, काम त्याच चुकीशी बांधलेलं आणि खर्चही तिथल्या तिथे. आपले लोक दंड भरतात, वर्षभर शिव्या घालतात, पण आरोग्य विभागात जाऊन आसन तपासून घेत नाहीत. लाज कसली त्यात? पट्टा ढिला असला तर तिथला माणूस गुडघा टेकून, दाबून घट्ट करून दाखवतो.

वेगाचे कॅमेरे नवे आहेत. २०२३च्या कायद्याने सहा शहरांना परवानगी मिळाली, त्यात सॅन होजे आणि ओकलंडही आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत २०२५मध्ये ते सुरू झाले. मर्यादेपेक्षा वेग ताशी ११ ते १५ मैल जास्त असेल तर ५० डॉलर, आणि हे ५० म्हणजे ५०च, वर काही चढत नाही, लायसन्सच्या नोंदीत चुकीचा पॉइंटही लागत नाही. यंत्रणेचा खर्च जाऊन उरेल ते त्या शहराने रस्त्यांवरचा वेग उतरवणाऱ्या कामांवर घालायचं. कॅमेरा लावूनही १८ महिन्यांत वेग पुरेसा उतरला नाही तर रस्त्यात बदल करायचे, नाहीतर कॅमेरा काढायचा. मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ठाण्यात चलनाचा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि झेब्राचे पट्टे रंगवायचे महापालिकेने. माजिवड्याच्या चलनावर ५० रुपये जादा घ्या आणि माजिवड्यातच पट्टे रंगवा, मी कुरकुर न करता भरेन.

आता ज्यात मुलं खरोखर बुडतात ते. ऐरोलीच्या एका मुलाला त्या उजव्या वळणाचंच तिकीट मिळालं. त्याने घर बदललं आणि पत्ता कळवला नाही, त्यामुळे कोर्टाचं पत्र जुन्या घरी गेलं. तारीख तिकिटावरही होती, पण "लोकअदालतीत निम्म्यावर मांडवली होईल" या भरवशावर तो राहिला. तिथे लोकअदालत नाही. तारीख हुकली की गैरहजेरीचा वेगळा गुन्हा लागू शकतो, १०० डॉलरपर्यंत वाढतात, आणि तरी भरलं नाही तर राज्याचं करखातं पगारातून वळतं करून घेऊ शकतं. त्याचं प्रकरण तिथपर्यंत गेलं आणि ऑफिसात सगळ्यांना कळलं. म्हणून पुन्हा सांगते: घर बदललं की १० दिवसांत डीएमव्हीला, म्हणजे तिथल्या आरटीओला, पत्ता कळवायचा. तिकिटाची तारीख फोनमध्ये घालायची. पत्र आलं नाही तर कोर्टाच्या वेबसाइटवर स्वतः शोधायचं. पत्र आलं नाही ही सबब चालत नाही.

दारू पिऊन गाडी चालवू नका. नुसती अटक झाली तरी विसा रद्द होऊ शकतो.

ट्रॅफिक स्कूल, म्हणजे तिकीट मिळाल्यावर करायचा नियमांचा वर्ग, १८ महिन्यांतून एकदा मिळतं. दंड पूर्ण भरावा लागतो, वर शाळेची फी, पण पॉइंट इन्शुरन्सवाल्यांना दिसत नाही. हे जरूर घ्या, कारण पॉइंटमुळे हप्ता तीन वर्षं चढा राहतो आणि दंड त्यापुढे किरकोळ वाटतो. विद्यार्थी असाल, कमाई कमी असेल, तर मायसायटेशन्स या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. निम्मा किंवा त्याहून जास्त दंड उतरू शकतो, हप्तेही मिळतात. आपली मुलं "लोक काय म्हणतील" म्हणून अर्ज करत नाहीत आणि क्रेडिट कार्डावर भरून व्याज देत बसतात. अर्ज फोनवरूनही भरता येतो, कोर्टात पाऊल टाकावं लागत नाही आणि मंडळात कुणाला कळतही नाही.