गर्दी झालेल्या सुपरहिरोपटाचे परीक्षण कसे लिहावे

२००७ च्या मे महिन्यात, बाहेर जळगावचे उन्हाळी ऊन रणरणत असताना, मी ‘स्पायडरमॅन ३’ पाहिला आणि त्याच रात्री त्याचे परीक्षण लिहून एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीकडे नेऊन दिले. ‘पात्रांची गर्दी झाल्यामुळे चित्रपट फसला आहे’ हे वाक्य त्यात थोड्याफार फरकाने तीनदा आले होते. पुरवणीचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठांनी कागद परत दिला तेव्हा समासात पेन्सिलीने दोनच प्रश्न लिहिलेले होते: ‘गर्दी म्हणजे किती? आणि त्या गर्दीत जागा कोणाची गेली?’ माझ्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते. पुढे अनेक वर्षे असे चित्रपट पाहताना आणि आमच्या मंडळातल्या मुलामुलींचे लेख तपासताना मी याच दोन प्रश्नांना धरून चालत आलो आहे. खाली सांगितलेली पद्धत त्यांतूनच तयार झाली.

नवा भाग पाहण्याआधी मागचे भाग पुन्हा पाहावेत, आणि शक्यतो त्याच आठवड्यात पाहावेत. जुन्या चित्रपटाची आठवण मनात कालांतराने गोड होत जाते. तिच्याशी नव्याची तुलना केली तर नव्यावर अन्याय होतो आणि वाचकाची फसवणूकही होते. मागच्या प्रत्येक भागाबद्दल एकच वाक्य लिहून ठेवावे: या चित्रपटात नायकापुढचा प्रश्न कोणता होता? दिग्दर्शक सॅम रायमी यांच्या २००२ च्या पहिल्या भागात अचानक मिळालेल्या शक्तीचे काय करायचे हा प्रश्न आहे, आणि समोर उभा असलेला ग्रीन गॉब्लिन हा नायकाच्या जिवलग मित्राचा बाप आहे. २००४ च्या दुसऱ्या भागात डॉक्टर ऑक्टोपस असला, तरी खरा प्रश्न थकलेल्या पीटर पार्करने, म्हणजे स्पायडरमॅनने, मुखवटा उतरवून ठेवावा की नाही, हा आहे. त्या भागातला आगगाडीचा प्रसंग जरूर थांबून थांबून पाहावा. सुसाट गाडी अडवून बेशुद्ध पडलेल्या पीटरला प्रवासी हातांवर उचलून डब्यात आत नेतात, त्याचा चेहरा उघडा असतो, तो आपल्या मुलाएवढाच आहे हे एकाच्या लक्षात येते, आणि दोन लहान मुले त्याचा मुखवटा परत करताना आम्ही कोणाला सांगणार नाही असे सांगतात. चित्रपटाचा सगळा प्रश्न त्या एका डब्यात मावला आहे. तिसऱ्या भागात असा डबा कुठे आहे, हे शोधणे हे परीक्षकाचे काम आहे.

नवा भाग पाहताना वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात पात्राचे नाव, दुसऱ्यात ते पडद्यावर कितव्या मिनिटाला आले, तिसऱ्यात त्याला काय हवे आहे, आणि चौथ्यात त्याच्या येण्याने नायकाचे काय गेले किंवा काय बदलले. पहिले दोन रकाने अंधारातही भरता येतात. शेवटचे दोन घरी येऊन भरावेत. ‘स्पायडरमॅन ३’ साठी हे केले तर सँडमॅन, नवा गॉब्लिन झालेला पीटरचा तोच मित्र हॅरी ऑस्बॉर्न आणि व्हेनम असे तीन खलनायक, शिवाय ग्वेन स्टेसी आणि अंगाला चिकटणारा तो काळा परग्रही जीव, एवढी नावे उभी राहतात. चित्रपटांची लांबीही शेजारी लिहावी. पहिला भाग १२१ मिनिटांचा, दुसरा १२७ मिनिटांचा आणि तिसरा १३९ मिनिटांचा आहे. म्हणजे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर येताना खलनायक एकाचे तीन झाले आणि वेळ वाढला तो फक्त बारा मिनिटांनी. ‘गर्दी म्हणजे किती’ या प्रश्नाचे उत्तर इतक्या साध्या आकड्यांत देता येते. ‘एक्स-मेन’ मालिकेत तर गणित उलटेच आहे: २००६ चा तिसरा भाग, ‘द लास्ट स्टँड’, पात्रे वाढवतो, कॉमिक्समधल्या दोन स्वतंत्र मोठ्या कथा एकत्र आणतो, आणि १०४ मिनिटांत संपतो; त्याआधीचा दुसरा भाग सव्वादोन तासांच्या आसपास होता. सायक्लॉप्ससारखे पहिल्या भागापासूनचे प्रमुख पात्र त्यात आरंभीच मारले जाते, आणि तेही पडद्यावर न दाखवता.

आता दुसरा प्रश्न: जागा कोणाची गेली? यासाठी मी एक कसोटी वापरतो. यादीतले एकेक पात्र मनातल्या मनात काढून टाकावे आणि कथा कुठे कोसळते ते पाहावे. सँडमॅन काढला तर क्षमेचा धागाच तुटतो, कारण पीटरच्या काकांच्या खुनाशी त्याचा संबंध जोडलेला आहे आणि शेवटी पीटर त्याला क्षमा करतो. म्हणून, तो संबंध मागाहून चिकटवलेला वाटला तरी, सँडमॅन या कथेत हवा. व्हेनम काढून पाहिला तर काळा पोशाख, म्हणजे पीटरच्या अंगाला चिकटलेला तो परग्रही जीव, राहतो, पीटरचा उद्धटपणा राहतो, पुढे व्हेनम होणारा प्रतिस्पर्धी छायाचित्रकार एडी ब्रॉक याचा मत्सरही राहतो. रिकामी होते ती फक्त शेवटची मारामारी. माझ्या मते या चित्रपटातले अतिरिक्त पात्र तेच आहे.

मात्र सर्वांत मोठे नुकसान होते ते हॅरीचे, आणि परीक्षणात सर्वाधिक जागा त्याला द्यावी असे मला वाटते. पहिल्या भागात त्याचा बाप मेला, दुसऱ्याच्या शेवटी त्याला मित्राचे गुपित कळले आणि बापाची शस्त्रे सापडली. तिसरा भाग हा हक्काने त्याचा होता. तो पहिल्या अर्ध्या तासातच पीटरवर चालून जातो, डोक्याला मार बसतो आणि त्याची स्मृती जाते. दोन भाग ज्या सूडाची तयारी केली, तो सूड चित्रपट असा बाजूला ठेवून देतो, कारण सँडमॅन आणि काळा पोशाख यांना वाव करून द्यायचा आहे. पुढे स्मृती परत येते, दुरावा परत येतो, आणि मग त्याच्या घरचा जुना नोकर येऊन सांगतो की तुझ्या वडिलांना झालेली जखम त्यांच्याच यानाच्या पात्याची होती, हे मी तेव्हाच पाहिले होते. इतकी वर्षे हा माणूस गप्प का राहिला, हे कोणी विचारत नाही. दोन चित्रपटांचे वैर एका संवादात मिटवावे लागले, कारण चित्रपटाकडे तेवढीच मिनिटे उरली होती. ‘पात्रे फार झाली’ असे लिहिण्याऐवजी हा प्रसंग पाच-सहा ओळींत मांडला, तर गर्दी म्हणजे काय हे चित्रपट न पाहिलेल्या वाचकालाही कळते.

हाच धागा पकडून योगायोग मोजावेत. प्रत्येक नव्या पात्राला कथेत शिरायला दार लागते, आणि वेळ नसला की ते दार योगायोगाचे असते. परग्रही जीव घेऊन येणारी उल्का अख्खी पृथ्वी सोडून पीटर बसला आहे त्याच्या शेजारी पडते. पुढे सँडमॅन होणारा फरार कैदी पळता पळता नेमका चालू प्रयोगाच्या खड्ड्यात पडतो. पहिल्या भागात कोळी चावणे हासुद्धा योगायोगच होता, परंतु कथा सुरू करणारा योगायोग प्रेक्षक आनंदाने मान्य करतो. तासाभराने आलेला तिसरा योगायोग त्याला खटकतो. हा फरक परीक्षणात स्पष्ट करावा, नाहीतर वाचक म्हणेल की सुपरहिरोच्या चित्रपटात तर्क कसला शोधता.

गर्दी हाच दोष आहे, असे मात्र लिहू नये. पश्चिम खान्देशातल्या आदिवासी पट्ट्यात उन्हाळ्याच्या रात्री भोवाडा होतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच पटेल. एका रात्रीत कितीतरी सोंगे येतात, देवांची, राक्षसांची, जनावरांची, आणि तरी गोंधळ होत नाही. प्रत्येक सोंगासाठी संबळ आणि पिपाणीची चाल बदलते, गर्दी बाजूला होऊन वाट देते, सोंग आपले नाचून घेते आणि निघून जाते. तिथे प्रत्येकाला स्वतःची वेळ आहे आणि एकाने दुसऱ्याच्या कथेचा निकाल लावण्याची अपेक्षा नाही. चित्रपटाला ही सवलत नसते, त्याला सगळी सोंगे एका सूत्रात ओवावी लागतात. पण तेही जमू शकते. २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये वीसहून अधिक नायक आहेत, तरी खलनायक थॅनोसला सहा मणी हवे आहेत एवढे एक वाक्य लक्षात ठेवले की कोण कुठे का लढतो आहे ते कळत राहते. म्हणून आपल्या लेखात गर्दीच्या जोडीला सूत्र कोणते होते आणि ते कुठे सुटले, हे लिहावे.

उणिवा दाखवताना चांगल्याचे माप कमी करू नये. ‘स्पायडरमॅन ३’ मध्ये सँडमॅनच्या जन्माचा प्रसंग आहे. वाळूचा एक ढीग, त्यातून हळूहळू वर येणारा आकार, जो उभा राहायला जातो आणि ढासळतो, पुन्हा स्वतःला गोळा करतो. समोर त्याच्या लेकीचे छायाचित्र असलेले लॉकेट पडलेले असते. तो ते उचलायला जातो आणि हातच विरघळून सांडतो. पुन्हा प्रयत्न करतो, आणि बोटे घट्ट झाल्यावरच ते त्याच्या हाती येते. या पूर्ण प्रसंगात एकही शब्द नाही. असा प्रसंग लिहिताना ‘अप्रतिम’, ‘नेत्रदीपक’ ही विशेषणे वगळून केवळ क्रियापदांवर भर द्यावा: उठतो, ढासळतो, उचलतो, सांडतो. वाचकाला प्रसंग दिसला की तो चांगला असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय ज्या दिग्दर्शकाने हे केले त्याची पकड इतरत्र का सुटली, हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि लेखाला वजन येते.

पडद्यामागची माहिती एक-दोन वाक्यांत द्यावी. व्हेनम घ्यावा असा निर्माते अवि अराड यांचा आग्रह होता, ही गोष्ट उघड झालेली आहे. ती नोंदवावी, पण तिच्यावर लेख उभा करू नये, कारण प्रेक्षक तिकीट काढून चित्रपट पाहतो, त्यामागच्या बैठका पाहत नाही. कमाईचेही तसेच आहे. तिन्ही भागांत जगभर सर्वाधिक गल्ला तिसऱ्याने जमवला, आणि आपल्याकडे तो हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर भोजपुरीतही आला होता. (मराठीत आला नाही, याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते.) मागच्या दोन भागांवरच्या प्रेमाने लोक आले, एवढेच त्या आकड्यांवरून म्हणता येते.

भाषेबद्दल एक सूचना. आपल्या भागातल्या प्रेक्षकाची प्रतिक्रिया ऐकू आली तर ती त्याच्या बोलीतच नोंदवावी. त्या दिवशी शेवटच्या मारामारीत माझ्या मागच्या रांगेतून आवाज आला होता, ‘‘कोन कोना मांगे पयी राह्यना, काही समजस नही भो!’’ (कोण कोणामागे पळतो आहे, काही समजत नाही.) एका खान्देशी माणसाने अंधारात दिलेला तो निर्णय माझ्या तीन पानी लेखापेक्षा नेमका होता, आणि मी तो अशुद्ध समजून लेखात घेतला नव्हता. आज घेतला असता, आणि अगदी वरच्या परिच्छेदात घेतला असता.

परीक्षण सहाशे-सातशे शब्दांचे असावे, निर्णय पहिल्या परिच्छेदातच द्यावा, आणि शेवट कसा होतो हे उघड करायचे असल्यास तशी सूचना आधी द्यावी. पात्रांची आणि कलाकारांची नावे श्रेयनामावलीशी ताडून पाहावीत. मग हा लेख चित्रपट न पाहिलेल्या एखाद्याला, शक्यतो घरातल्याच कोणाला, मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकणारा ज्या ज्या ठिकाणी ‘हा कोण?’ असे विचारेल, तिथे पेन्सिलीने खूण करावी, आणि एकतर त्या पात्राची ओळख एका वाक्यात द्यावी किंवा त्याचे नाव काढून टाकावे. माझ्या त्या पहिल्या लेखात चौदा नावे होती. पेन्सिलीच्या दोन प्रश्नांनंतर मी तो पुन्हा लिहिला तेव्हा पाच उरली: पीटर, हॅरी, सँडमॅन, व्हेनम आणि तो नोकर.