सगळ्यात कन्सिस्टंट रॅप ग्रुप कोणता, यावर नीट भांडायचं कसं

आमच्यात अमेरिकन रॅप ग्रुपांचा हा वाद कॉलेजपासून चालू आहे आणि त्याची चाल ठरलेली आहे. रात्री जेवणं झाली की कोणीतरी म्हणतं वू-टँगसारखा (वू-टँग क्लॅन) कन्सिस्टंट ग्रुप झाला नाही, दुसरा म्हणतो आउटकास्ट, तिसरा ट्राइब (अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट), मग तासभर आवाज चढतात, शेजारचे काका गॅलरीत येऊन बघून जातात, आणि शेवटी कळतं की एकजण सगळ्यात भारी ग्रुपबद्दल बोलत होता, दुसरा सगळ्यात गाजलेल्या ग्रुपबद्दल, आणि तिसऱ्याने ज्याची बाजू घेतली त्याचे दोनच अल्बम ऐकलेले. तो तिसरा मी होतो. लाज वाटली म्हणून बसून सगळे अल्बम ऐकले आणि त्यातून जी पद्धत तयार झाली ती इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, कन्सिस्टंट म्हणजे काय ते भांडण सुरू व्हायच्या आधी ठरवा. हापूसची पेटी घेताना वरचा थर बघून कोणी घेतं का? वर सगळेच चांगले लावतात, खालचा थर उचलून बघायचा असतो. डिस्कोग्राफीचं तसंच आहे. ग्रुपचा सगळ्यात चांगला अल्बम किती चांगला आहे हा वेगळा वाद, इथे प्रश्न आहे की सगळ्यात वाईट अल्बम किती वाईट आहे. एवढं एक सगळ्यांनी मान्य केलं तरी अर्धं भांडण मिटतं, आणि उरलेलं अर्धं जरा मजेचं होतं.

मग प्रवेशाची अट. सरासरीच्या यादीत यायला बॅट्समनला जशी किमान डावांची अट असते तशी इथे पण लावा, नाहीतर कोणीतरी मॅडव्हिलन हा ग्रुप घेऊन येतो, २००४ चा एकच अल्बम, बेस्टच आहे, पण एका अल्बमात सातत्य कसलं मोजणार. आम्ही किमान चार स्टुडिओ अल्बम ठेवलेत. यात फ्युजीज जातात (दोनच अल्बम, १९९४ आणि १९९६), ब्लॅक स्टार जातात (१९९८ नंतर दुसरा थेट २०२२ ला, म्हणजे मधे एक मूल जन्मून कॉलेजातून बाहेर पडेल). रन द ज्वेल्स बरोब्बर चारवर बसतात, २०१३, १४, १६ आणि २०२०, आणि चारही अल्बम दणकट आहेत, त्यामुळे त्यांचे फॅन इथे लई खूश होतात. होऊ द्या. चार अल्बम टिकवणं आणि दहा टिकवणं यात फरक आहे हे नंतर सांगता येतं.

काय मोजायचं आणि काय नाही, यावर खरी मारामारी होते. आमचा नियम सरळ आहे, कव्हरवर ग्रुपचं नाव असेल तर मोजायचा. सोलो (ग्रुपमधल्या एकट्याचा अल्बम) नाही, बेस्ट ऑफ नाही, मिक्सटेप (अधिकृत अल्बम न म्हणता सोडलेली गाणी) नाही. वू-टँगवाले इथे उठून उभे राहतात, कारण त्यांची सगळी ताकद सोलोमध्ये आहे. पहिला अल्बम ९ नोव्हेंबर १९९३ ला आला (त्याच दिवशी ट्राइबचा मिडनाइट मराउडर्स पण आला, एका दिवसात असे दोन अल्बम, दुकानात गेलेल्या पोरांचं काय झालं असेल), आणि मग ग्रुपमधल्यांचे सोलो, १९९५ मध्ये रेक्वॉनचा क्युबन लिंक्स, जिझाचा लिक्विड स्वोर्ड्स, पुढच्या वर्षी घोस्टफेसचा आयर्नमॅन. जवळजवळ सगळे बीट (गाण्यामागचं संगीत) ग्रुपमधल्याच रिझाचे, तेच लोक एकमेकांच्या गाण्यात, म्हणजे हे वू-टँगचेच अल्बम आहेत असं त्यांचं म्हणणं. मुद्दा चुकीचा नाही, पण मग त्यांना एकच विचारा, नऊ जणांचे सगळेच सोलो मोजूया का? मग युगॉडचे पण येतात, मेथड मॅनचा २००४ चा पण येतो. पेटीतले चार पिवळेधमक आंबे आपल्या ताटात आणि काळे पडलेले दुसऱ्याच्या पेटीतले, असं चालत नाही. फक्त ग्रुपचे धरले तर पहिल्यानंतर १९९७ चा डबल अल्बम, जो पहिल्याच आठवड्यात सहा लाखांच्या वर विकला गेला पण जो एका बैठकीत पूर्ण ऐकणारा माणूस मला अजून भेटायचाय, मग २००० चा द डब्ल्यू, २००१ चा आयर्न फ्लॅग, आणि मग २००७ आणि २०१४, ज्यांची बाजू कट्टर फॅन पण हळू आवाजात घेतात. एकच कॉपी काढून २०१५ मध्ये विकलेला जो अल्बम आहे तो सोडून द्या. जो जवळजवळ कोणालाच ऐकायला मिळत नाही तो कन्सिस्टंट आहे की नाही यावर भांडण्याइतका रिकामा वेळ आमच्याकडे पण नाही.

आता ऐकायचं कसं. बहुतेक लोक पहिल्या अल्बमपासून सुरू करतात, आणि तिथेच फसतात, कारण पहिले दोन-तीन ऐकेपर्यंत तुम्ही प्रेमात पडता आणि पुढचं सगळं माफ करत जाता. उलटं करा. आधी जरा विचारपूस करून त्या ग्रुपचा सगळ्यात नावडता अल्बम शोधा आणि तिथून सुरुवात करा. ट्राइबचा असेल तर १९९८ चा द लव्ह मूव्हमेंट, आउटकास्टचा असेल तर २००६ चा आयडलवाइल्ड, रूट्सचा असेल तर २००४ चा द टिपिंग पॉइंट. दोनदा ऐका, एकदा हेडफोन लावून काही न करता, आणि एकदा भांडी घासताना किंवा लोकलमध्ये. दुसऱ्या वेळी हात आपोआप स्किपकडे किती वेळा जातो तो खरा निकाल, पहिल्या वेळी आपण उगाच समीक्षक बनून बसलेले असतो.

स्किप मोजताना गाणी मोजू नका, मिनिटं मोजा. हे मला डे ला सोल या ग्रुपमुळे कळलं. १९८९ च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी गाण्यांच्या मधे गेम शो घातला, १९९१ च्या दुसऱ्यात पण मधेमधे नाटुकली आहेत, गाण्यांच्या संख्येवर गेलात तर वाटतं अर्धा अल्बम स्किप केला, आणि घड्याळ बघितलं तर जेमतेम सहा-सात मिनिटं. उलट एखाद्या अल्बमात तीनच गाणी भंगार असतात पण प्रत्येक साडेपाच मिनिटांचं. आमच्यात ठरलंय, अल्बमच्या एक पंचमांशपेक्षा जास्त वेळ स्किप झाला तर तो अल्बम पडला. असं का, तर असंच, कुठेतरी रेघ मारावी लागते.

डे ला सोलबद्दल अजून एक. त्यांच्यावर बरेच दिवस अन्याय झाला, कारण जुन्या सॅम्पलचे (दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचललेल्या तुकड्यांचे) हक्क डिजिटलसाठी घेतलेलेच नव्हते, त्यामुळे पहिले सहा अल्बम स्ट्रीमिंगवर आले थेट ३ मार्च २०२३ ला, आणि त्यांच्यातला ट्रुगॉय त्याच्या तीनच आठवडे आधी गेला. म्हणजे आपल्याकडच्या एका आख्ख्या पिढीने त्यांना या वादात धरलंच नाही, कारण ऐकायलाच मिळत नव्हते. म्हणून तुमच्या यादीत जो ग्रुप नाही तो वाईट म्हणून नाही की ॲपवर नव्हता म्हणून नाही, हे एकदा तपासा.

पुढची चूक, आवाज बदलला म्हणजे सातत्य गेलं असं समजणं. आउटकास्टचा १९९४ चा पहिला अल्बम आणि २००० चा स्टँकोनिया एका माणसाला लागोपाठ ऐकवा, तो म्हणेल हे दोन वेगळे ग्रुप आहेत. पहिला ऑर्गनाइज्ड नॉइझ या प्रोड्युसरांच्या टोळीने बनवलेला, अटलांटातल्या एका घराच्या तळघरातून आलेला, गाडीत हळू चालवत ऐकायचा माल, मग १९९६ ला एटीलियन्स, १९९८ ला अक्वेमिनी, प्रत्येक वेळी घर मोडून नवीन बांधलेलं. पण दर्जा बघा, चारपैकी कुठला खालचा थर म्हणाल? मला नाही सांगता येत. या चार अल्बमांइतकी सलग रांग दुसऱ्या कोणाची नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. घोळ पुढे आहे. २००३ चा डबल अल्बम म्हणजे खरंतर ग्रुपमधल्या दोघांचे, बिग बॉयचा एक आणि आंद्रेचा एक असे दोन सोलो एका पिशवीत, त्याला ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम मिळाला ते ठीक, पण मग आमचा कव्हरवर नाव असेल तर मोजायचा हा नियम इथे गळ्याशी येतो. आणि मग आयडलवाइल्ड, सिनेमासाठी काढलेला, ज्यात पाच-सहा गाणी मस्त आहेत आणि बाकीच्यात मी चहा टाकायला उठतो. म्हणजे आउटकास्ट सगळ्यात उंच, पण आमच्या नियमाने सगळ्यात कन्सिस्टंट नाही. हे बोलल्यावर दोन दिवस एक मित्र माझ्याशी बोलला नव्हता.

अल्बम खराब का झाला हे पण बघायचं, नुसतं झाला म्हणून सोडायचं नाही, कारण वादात वजन तिथून येतं. ट्राइबचे पहिले तीन, १९९० ते ९३, त्यावर कोणी बोट ठेवत नाही, दुसऱ्यात तर रॉन कार्टरसारखा जॅझचा बुजुर्ग एका गाण्यात बास वाजवून गेलाय. मग ग्रुपमधला रॅपर फाइफ राहायला अटलांटाला गेला, दुसरा रॅपर क्यू-टिप आणि तो एकत्र कमी बसायला लागले, जे डिला हा नवा प्रोड्युसर आल्यावर बीट मऊ झाले, १९९८ च्या सुरुवातीला क्यू-टिपच्या घराला आग लागून रेकॉर्डचा खजिना जळला, आणि त्या वर्षीचा अल्बम यायच्या आधीच ग्रुप फुटल्याचं जाहीर झालेलं. एवढं माहीत असलं की चौथा आणि पाचवा अल्बम वेगळे ऐकू येतात. पाचवा तरी मला थकलेलाच वाटतो, चौथ्याला लोक उगाच शिव्या देतात. आणि अठरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, सहावा. फाइफ त्याच वर्षी मार्चमध्ये गेला होता, त्याचं रेकॉर्डिंग आधी झालेलं. मित्र गेल्यावर काढलेला अल्बम म्हणून मार्क वाढवून द्यायचे नाहीत हे मी ठरवून ऐकायला बसलो, द्यावे लागलेच नाहीत.

गँग स्टारला लोक विसरतात आणि मला याचा राग येतो. दोनच माणसं, गुरू बोलणार आणि डीजे प्रीमियर बीट करणार, प्रीमियरचं स्क्रॅच (रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासून काढलेला आवाज) हेच कोरस, ना पाहुणा प्रोड्युसर ना रेडिओसाठी घुसडलेलं काही. १९८९ चा पहिला जरा कच्चा आहे, पण त्यानंतर १९९१, ९२, ९४, ९८ आणि २००३, पाच अल्बम, आणि त्यातला सगळ्यात खालचा २००३ चा, तो पण मी आजही न थांबवता ऐकतो. विरोधक म्हणतात सगळे सारखेच वाटतात. अरे मग सातत्य वेगळं काय असतं! गुरू २०१० मध्ये गेला, आणि प्रीमियरने त्याचे जुने आवाज मिळवून २०१९ ला एक अल्बम काढला. असे अल्बम मोजायचे की नाही ते आधीच ठरवून घ्या, आम्ही मोजतो, पण हरायला लागल्यावर नियम बदलायचा नाही.

आणि माझं मत विचाराल तर द रूट्स. फिलाडेल्फियाचे, स्टेजवर खरे ड्रम घेऊन उतरणारे. १९९३ चा स्वतःच काढलेला पहिला बाजूला ठेवा, जॉन लेजंड आणि एल्व्हिस कॉस्टेलोबरोबरचे जोड-अल्बम पण ठेवा, तरी १९९५ ते २०१४ मध्ये दहा उरतात. दहा! त्यातला तळ म्हणजे टिपिंग पॉइंट, तो सरळसरळ रेडिओकडे बघून केलाय, आणि तरी त्यांचा रॅपर ब्लॅक थॉट रॅप करायला लागला की स्किपवरचा हात मागे येतो. २००९ पासून ते टीव्हीच्या लेट नाइट शोमध्ये रोजचे वाजवणारे झाले, सगळ्यांना वाटलं संपले, आता नोकरी करतील, आणि त्यानंतर २०११ ला त्यांनी अनडन काढला, एका पोराची गोष्ट मरणापासून उलटी मागे जाणारी, चाळीस मिनिटांच्या आत आटपलेली. रूट्सच्या विरोधातला एकच मुद्दा मला पटतो, की कोणाला त्यांचा सगळ्यात आवडता अल्बम विचारला तर बरेच जण १९९९ च्या थिंग्ज फॉल अपार्टवर थांबतात, वरचा थर आउटकास्टइतका चमकत नाही. पण आपण वरचा थर बघतच नाही आहोत ना.

एक सावधगिरी. ही पद्धत मुंबईच्या क्रूंना लावायला जाऊ नका, मी लावून बघितली. स्वदेशीसारखा क्रू, ज्यात एमसी मवाली मराठीत रॅप करतो, किंवा धारावीतली पोरं, यांची बरीचशी वाटचाल सिंगल आणि व्हिडिओवर झालेली आहे, तिथे चार अल्बमांची अट लावली तर मैदानच रिकामं होतं. त्यांच्यासाठी वेगळं माप लागेल, बहुतेक लाइव्ह किती वेळा बघितलं ते.

शेवटचं, वादाला बसताना समोरच्याचं वय विचारा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जो अल्बम ऐकला तो कोणालाच वाईट वाटत नाही, त्यामुळे प्रत्येकाला एक अल्बम माफ करून टाका आणि बाकीच्यांवर भांडा. आणि ज्याने खालचा अल्बम ऐकलेला नाही त्याला मत नाही, हा नियम कडक ठेवा, घरातल्यांना पण. माझा मावसभाऊ अजून वू-टँगवरच अडून बसलाय, म्हणून त्याला २०१४ चा अल्बम पूर्ण ऐकून ये म्हणून सांगितलंय. तीन आठवडे झाले, परवा विचारलं तर म्हणाला पाचव्या गाण्यापर्यंत आलोय, ऑफिसात काम फार आहे.