ईव्ही मोटारीच्या कूलिंगमध्ये काम करायचंय? आधी उष्णतेची वाट काढा

ईव्ही मोटारीच्या थर्मल कामात येऊ पाहणारी मुलं आधी विचारतात, सीएफडीचं (हवा-पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर मांडण्याचं) कुठलं सॉफ्टवेअर शिकू? मी म्हणतो, आधी कागद घ्या आणि वाइंडिंगमधली, म्हणजे तांब्याच्या तारांच्या गुंडाळीतली, उष्णता बाहेरच्या हवेपर्यंत कुठून कुठून जाते ते काढा. मुलाखतीत मीही हेच काढायला लावतो, आणि रंगीत प्रेझेंटेशन घेऊन आलेले पुष्कळ जण इथंच अडकतात.

५ किलोवॅटची, ९० टक्के कार्यक्षमतेची मोटार पूर्ण भारावर साधारण साडेपाचशे वॉट उष्णता तयार करते. त्यातली बरीचशी तांब्यात. ती स्लॉटमधला (तारा बसवायच्या खाचेतला) इन्सुलेशन पेपर ओलांडते, स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाच्या, लॅमिनेशनमधून (पोलादी पत्र्यांच्या थरांतून) हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात येते. अडतं ते पेपरपाशी आणि फटींपाशी. स्टेटर नि हाउसिंगमध्ये ०.०५ मिमी हवा राहिली, तर तिचा अडथळा जवळपास वीतभर जाड कास्ट अ‍ॅल्युमिनियमइतका होतो. खोटं वाटत असेल तर मांडून बघा: वाहकता हवेची ०.०२६, कास्ट अ‍ॅल्युमिनियमची साधारण १०० वॉट प्रति मीटर-केल्विन. म्हणून फटी घालवणाऱ्या श्रिंक फिट (हाउसिंग तापवून स्टेटरवर घट्ट बसवणं), वार्निश, पॉटिंग (वाइंडिंगभोवती रेझिन ओतणं) यांना हलकं समजू नका. वाइंडिंग लाइनवर हात काळे केलेला डिप्लोमावाला या कामात बऱ्याचदा एम.टेक.वाल्याच्या पुढे असतो.

स्कूटरच्या हब मोटारीत, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटारीत, तर वाट आणखी अवघड. वाइंडिंग आत, अ‍ॅक्सलला धरून. मॅग्नेट बाहेरच्या फिरत्या कवचात. उष्णता अ‍ॅक्सलमधून निघणार, नाहीतर एअर गॅप (स्थिर आणि फिरत्या भागांमधली हवेची फट) ओलांडणार. कारमध्ये पाणी-ग्लायकॉलचं जॅकेट असतं, किंवा तेल थेट एंड वाइंडिंगवर (स्लॉटबाहेर आलेल्या तारांच्या टोकांवर) फवारतात. तेल वीज वाहून नेत नाही, म्हणून हे चालतं.

खरी परीक्षा घाटात. खंबाटकी चढताना वेग कमी, वारा कमी, टॉर्क मात्र भरपूर. टॉर्क दुप्पट झाला की करंट साधारण दुप्पट आणि तांब्यातला लॉस चौपट. वर तांबं २० वरून १४० अंशांवर गेलं की त्याचा रोध सत्तेचाळीस टक्के वाढतो, म्हणजे लॉस आणखी वाढला. क्लास एच इन्सुलेशन १८० अंशांसाठी असतं, पण एसएच ग्रेडच्या निओडिमियम मॅग्नेटची मर्यादा साधारण १५० अंशांचीच. त्यापुढे जोरात करंट दिला तर मॅग्नेट कायमचा कमजोर होऊ शकतो. म्हणून कंट्रोलर आधीच डीरेट करतो, म्हणजे पॉवर कमी करतो. चढावर गाडी मरगळते ती बऱ्याचदा यामुळेच, आणि ग्राहक बॅटरीला शिव्या घालतो.

मोटार ‘किती किलोवॅटची’ असं कुणी सांगितलं, की लगेच विचारा: पीक (थोडा वेळच मिळणारी) की कंटिन्युअस (सतत मिळणारी)? एआयएस-०४१ या भारतीय मानकात तीस मिनिटांची कमाल पॉवर वेगळी मोजतात, ती उगाच नाही.

शिकायला एफईएमएम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. चुंबकीय क्षेत्र आणि उष्णतावहन दोन्ही त्यात होतं. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सवर) हीट ट्रान्सफर आणि इलेक्ट्रिकल मशीन्स, दोन्ही करा. मेकॅनिकलवाले दुसरा विषय टाळतात आणि मग टेस्ट बेडवर गांगरतात. स्टेटरमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) सहज बसतं, फिरत्या रोटरचं तापमान कसं मोजणार? एक सोपी युक्ती: चाचणी थांबल्या थांबल्या दुसऱ्या मशीनने मोटार ठरावीक आरपीएमला फिरवायची आणि बॅक ईएमएफ (मॅग्नेट फिरल्यामुळे वाइंडिंगमध्ये तयार होणारं व्होल्टेज) बघायचा. निओडिमियम मॅग्नेट अंशामागे साधारण ०.१ ते ०.१२ टक्के कमजोर होतो, त्यावरून तापमानाचा अंदाज येतो. आणि मोटार पूर्ण गार झाल्यावरही बॅक ईएमएफ मूळ आकड्यावर परतला नाही, तर मॅग्नेट गेला.