इंग्रजी बोलण्याचा सराव अडतो कुठे? या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी पाच जण गोल करून बसतात. विषय ठरलेला असतो: 'सोशल मीडिया, शाप की वरदान'. पहिला म्हणतो, 'सोशल मीडिया इज व्हेरी युजफुल, बट इट हॅज सम डिसअ‍ॅडव्हांटेजेस.' दुसरी म्हणते, 'आय अ‍ॅग्री विथ हिम.' तिसरा तेच जरा फिरवून सांगतो. सातव्या मिनिटाला विषय संपतो आणि चहाची ऑर्डर मराठीत जाते. यात व्याकरण कुणाचंच फारसं चुकलेलं नसतं. पाचही जण शाळेत लिहिलेला निबंध तोंडी म्हणत असतात, आणि निबंधाला मध्येच 'म्हणजे कसं?' असं कुणी विचारत नाही. पुढच्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून आलेल्या आहेत.

विषय मथळ्याएवढा मोठा घेणे

'प्रदूषण', 'स्त्रीशिक्षण', 'मोबाइलचे फायदे-तोटे' यांवर सांगण्यासारखं स्वतःचं असं कुणाकडेच फार नसतं. मग पाठ वाक्यं बाहेर पडतात. विषयाचा एवढासा तुकडा तोडून घ्या. 'प्रदूषण' नको, 'आपल्या गल्लीतला गणपतीतला डीजे' घ्या. मग प्रश्न चार पायऱ्यांनी चढवा:

१. काय दिसतं, काय ऐकू येतं: 'व्हॉट डज युअर स्ट्रीट साउंड लाइक ऑन द लास्ट डे?'
२. काय घडलं: 'हॅज एनीवन एव्हर कम्प्लेन्ड? व्हॉट हॅपन्ड?'
३. कुणाला काय वाटतं: 'हू एंजॉइज इट, अँड हू डझन्ट?'
४. मग काय करायचं: 'इफ यू वर रनिंग द मंडळ, व्हॉट वुड यू चेंज?'

पहिल्या पायरीवर साधा वर्तमानकाळ लागतो, दुसरीवर भूतकाळ, चौथीवर 'वुड'. म्हणजे काळांचा सरावही गप्पांच्या ओघात होऊन जातो. बहुतेक गट थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात. 'व्हॉट इज द सोल्यूशन?' असं पहिल्याच मिनिटाला विचारलं की 'गव्हर्नमेंट शुड टेक अ‍ॅक्शन' एवढंच उत्तर येतं आणि तिथेच गाडी थांबते.

वादाला थोडं हाडही हवं. एक-दोन पक्की माहिती आधी सगळ्यांना द्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. एवढं हातात आलं की 'आय थिंक मिडनाइट इज टू लेट' आणि 'बट इट्स ओन्ली वन्स अ इयर' अशी खरी जुगलबंदी सुरू होते.

शब्दांची यादी आठपेक्षा मोठी करू नका. या विषयाला 'प्रोसेशन, इमर्शन, लाउडस्पीकर, वॉल्यूम, नेबर, कम्प्लेन, पर्मिशन, फाइन' पुरतात. वीस शब्द फळ्यावर लिहिले की माणसं बोलायचं सोडून शब्द बसवायला जागा शोधत बसतात. आणि 'मंडळ', 'आरती', 'मोदक' यांना इंग्रजी शब्द शोधू नका. शब्द आहे तसा म्हणा आणि एका वाक्यात समजावून पुढे जा: 'अ मंडळ इज अ लोकल ग्रुप दॅट ऑर्गनायझेस द फेस्टिवल.' हे समजावणं हाच उत्तम सराव. मोदकाला डंपलिंग म्हणून कुणाचंच भलं झालेलं नाही.

जात, धर्म आणि पक्ष हे विषय नव्या गटाने पहिला महिनाभर बाजूला ठेवावेत. कारण अगदी व्यवहारी आहे: माणूस तापला की तो थेट मराठीत भांडतो.

रोज नवा विषय

हा उत्साह महाग पडतो. नव्या विषयावर पहिल्यांदा बोलताना सगळी ताकद 'काय बोलू' यातच जाते. 'कसं बोलू' याकडे लक्ष जातं ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, आणि तोपर्यंत आपण विषय बदललेला असतो.

कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये अभ्यासलेली ४-३-२ ची पद्धत इथे कामी येते. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगायची: पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. मजकूर तोच, वेळ कमी. दोन मिनिटांच्या फेरीला अडखळणं कमी झालेलं ऐकूच येतं, कारण वाक्यं आधी दोनदा जिभेवरून गेलेली असतात.

ही पद्धत तीन ठिकाणी फसते. श्रोता तोच ठेवला तर तिसऱ्यांदा तेच सांगताना बोलणाऱ्यालाच लाज वाटते, म्हणून श्रोता बदलायलाच हवा. आधी लिहून काढलं तर ते वाचन होतं, कागदावर फार तर पाच शब्द चालतील. आणि वेळ कमी झाला म्हणून लोक नुसतं भरभर बोलतात. मोबाइलवर टायमर लावा, पण घाई नको, फाफटपसारा कापा. 'अ‍ॅक्च्युअली', 'बेसिकली', 'लाइक' आपसूक गळतात.

एकटे असाल तर तिन्ही फेऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. फक्त तिसरी ऐकायची.

डोक्यात मराठी वाक्य मांडून मग उलथवणे

मराठी क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून. त्यामुळे पूर्ण वाक्य मराठीत जुळवून मग उलटं करणारा माणूस क्रियापदापाशी हटकून अडतो. यावर सोपी युक्ती आहे. मराठीत 'मला वाटतं की...' म्हटल्यावर मुख्य मजकूर नंतर येतो, इंग्रजीतही 'आय थिंक दॅट...' नंतरच येतो. 'मी ऐकलंय की', 'प्रश्न असा आहे की' यांचंही तसंच: 'आय हॅव हर्ड दॅट', 'द प्रॉब्लेम इज दॅट'. दोन्ही भाषांचा क्रम जुळतो अशा या मोजक्या जागा आहेत. वाक्याची सुरुवात तिथून केली की श्वास घ्यायला जागा मिळते.

सगळ्यात जास्त घोळ 'मला' करतो. मराठीत भूक लागते ती 'मला', ताप येतो तो 'मला', आठवतं, आवडतं, कळतं, जमतं, सगळं 'मला'. इंग्रजीत या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी 'आय' कर्ता होतो: 'आय अ‍ॅम हंग्री', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय रिमेंबर', 'आय लाइक्ड इट'. 'मला दोन भाऊ आहेत' याचं 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' होतं, ते 'आय हॅव टू ब्रदर्स' हवं. 'मला जायचंय' तर दुहेरी आहे. सिनेमाला जायचं असेल तर 'आय वॉन्ट टू गो', दवाखान्यात जायचं असेल तर 'आय हॅव टू गो'. मराठी एकाच रूपात दोन्ही भागवते, इंग्रजीत आधी ठरवावं लागतं.

'मला'ने सुरू होणारी तुमची रोजची पंधरा वाक्यं वहीत लिहा आणि समोर 'आय'ची वाक्यं. सरावाआधी दोन मिनिटं फक्त ती मोठ्याने म्हणा.

आणखी काही हमखास सापडणाऱ्या जागा:

'पाच वर्षांपासून'. 'पासून' आलं की लोक 'सिन्स' लावतात. 'सिन्स'ला सुरुवातीचा क्षण लागतो: 'सिन्स २०२०', 'सिन्स मंडे'. कालावधीला 'फॉर': 'आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' यात एका वाक्यात दोन चुका आहेत.

'आज सकाळी'. 'टुडे मॉर्निंग' नाही, 'धिस मॉर्निंग'. 'काल रात्री' म्हणजे 'लास्ट नाइट'.

'मीच केलं'. 'आय ओन्ली डिड इट' हे आपल्या 'च'चं भाषांतर. इंग्रजीत 'च'चं काम आवाज करतो: 'आय'वर जोर द्या, 'आय डिड इट', झालं.

'येतोस ना?' 'यू आर कमिंग, नो?' ऐवजी 'यू आर कमिंग, राइट?' म्हणा. 'आरन्ट यू, डोन्ट यू, डिडन्ट ही' यांची सगळी माळ पाठ होईपर्यंत 'राइट' पुरतं.

'हो, नाही आलो'. नकारार्थी प्रश्नाला मराठी माणूस प्रश्नाशी सहमत होऊन उत्तर देतो. 'डिडन्ट यू कम येस्टरडे?' याला तो म्हणतो 'येस', आणि समोरचा समजतो की आला होता. इंग्रजीत घटना घडली नसेल तर उत्तर कायम 'नो': 'नो, आय डिडन्ट.' ऑफिसच्या कॉलवर या एका 'येस'मुळे न केलेलं काम केल्याची नोंद होते. तोड एकच, 'येस' किंवा 'नो' कधीही एकटं सोडायचं नाही. मागे 'आय डिड' किंवा 'आय डिडन्ट' जोडायचंच.

'परीक्षा देणे'चं 'गिव्ह अ‍ॅन एक्झाम' भारतात सगळ्यांना समजतं. परदेशी माणसाशी बोलताना 'टेक' म्हणा, पण गटात त्यावरून कुणाला अडवू नका.

प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करणे

दोन वाक्यांत तीनदा टोकलं की बोलणारा तिसरं वाक्य लहान करतो आणि चौथं गिळतो. पण दुरुस्ती अजिबातच नाही, हेही चालत नाही. मग सगळे एकमेकांच्या चुका शिकतात, आणि महिन्याभरात अख्खा गट एकसारखं 'डिस्कस अबाउट' म्हणू लागतो. नुसतं 'डिस्कस' पुरे.

मधला मार्ग असा. एक जण त्या दिवशी बोलत नाही, फक्त वही घेऊन बसतो. आधी ठरलेला एकच प्रकार टिपायचा: आज भूतकाळ, पुढच्या वेळी 'सिन्स-फॉर'. जसंच्या तसं वाक्य लिहायचं, नाव लिहायचं नाही. शेवटच्या पाच मिनिटांत जास्तीत जास्त पाच वाक्यं वाचून दाखवायची, ती ज्याची त्याने ओळखायची आणि पूर्ण वाक्य पुन्हा म्हणायचं. 'आय डिडन्ट वेंट' ऐकून मान डोलावणारा उद्या पुन्हा तेच म्हणतो. 'आय डिडन्ट गो टू द मार्केट' असं तोंडाने म्हणणारा निदान थबकतो.

मध्येच अडवायची परवानगी एकाच वेळी: अर्थ कळलाच नाही तर.

उच्चार: दोन-तीनच गोष्टी धरा

अमेरिकन ढब आणायच्या नादी लागू नका. समजायला अडचण करणाऱ्या जागा थोड्याच आहेत.

'दिन' आणि 'दीन' आपण लिहितो वेगळं, म्हणतो सारखंच. म्हणून इंग्रजीतले 'शिप' आणि 'शीप', 'लिव्ह' आणि 'लीव्ह', 'फुल' आणि 'फूल' आपल्या तोंडी एक होतात. लांब स्वर मुद्दाम ताणा, ओठ फाकवून 'शीऽप'. सुरुवातीला नाटकी वाटेल, वाटू द्या.

'व' आणि 'व्ह'चा फरक आपण लेखनात बहुतेक पाळतो ('वॉच', पण 'व्हॅन'; 'व्हॉट' मात्र अपवाद, त्याचा उच्चार 'वॉच'सारखाच) आणि बोलताना विसरतो. 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, 'वॉच'ला ओठांचा चंबू, दात लांब. 'व्ह'मधला 'ह' मात्र फक्त कागदावरचा आहे, तो तोंडात आणू नका.

तिसरं, आघात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये 'टो'वर. 'डेव्हलप'चा जोर मधल्या भागावर, 'होटेल'चा शेवटच्या. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारून ठेवा.

पाळीपाळीने भाषण करणे

'आता तू दोन मिनिटं बोल, मग मी' ही चर्चा नव्हे. मराठीत ऐकताना आपण गप्प बसतो का? 'हं', 'मग?', 'हो का?', 'काय सांगतेस!' चालूच असतं. इंग्रजीत मात्र तेच लोक परीक्षकासारखे टक लावून बघतात, आणि बोलणारा घाबरतो. 'रिअली?', 'ओह नो', 'अँड देन?', 'नो वे!' एवढे चार आधी तोंडात बसवा.

मग नियम लावा: कुणाचंही बोलणं झालं की पुढच्याने स्वतःचं मत मांडण्याआधी त्याच्याच वाक्यातला एक शब्द उचलून प्रश्न विचारायचा. कुणी म्हणालं, 'अवर सेक्रेटरी कम्प्लेन्ड टू द पुलिस', तर पुढचा प्रश्न 'व्हॉट डिड द पुलिस डू?'. 'माय टर्न' म्हणून आपली तयार वाक्यं सुरू करायची नाहीत. एवढ्या एका नियमाने सात मिनिटांची चर्चा वीस मिनिटं चालते.

विरोध करताना मराठीचं 'छे, काहीतरीच काय!' थेट इंग्रजीत नेलं की 'नो, यू आर राँग' होतं, आणि ते मराठीपेक्षा कितीतरी जास्त टोचतं. 'आय सी इट अ बिट डिफरन्टली', 'आय'म नॉट सो शुअर' हे दोन जवळ ठेवा. मागतानाही तेच. 'पाणी द्या' यातला आदर 'द्या'मध्ये आहे, 'गिव्ह मी वॉटर'मध्ये तो उरत नाही. 'कुड आय हॅव सम वॉटर?' म्हणा.

शब्द अडला की थांबणे

शब्द आठवला नाही की लोक डोळे मिटतात, मग फोन काढतात. शब्दकोश सरावानंतर उघडा. त्या क्षणी वळसा घाला: 'खलबत्ता' अडला तर 'द थिंग यू क्रश गार्लिक इन'. तेही न जमलं तर मराठी शब्द बिनधास्त टाका आणि वाक्य इंग्रजीतच पूर्ण करा. एका शब्दापायी अख्खं वाक्य मराठीत गेलं की मागोमाग सगळा गट मराठीत जातो.

गट केवढा हवा?

तीन किंवा चार जण. सहा झाले की दोघं बोलतात आणि चौघं मान हलवतात. सहा जमलेच तर तीन-तीनचे दोन गट करून वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. आठवड्यात तीनदा चाळीस मिनिटं ही रविवारच्या दोन तासांपेक्षा बरी, कारण दीड तासानंतर इंग्रजी ऐकूनच डोकं थकतं. चाळीस मिनिटांची वाटणी: पाच मिनिटं 'मला'ची वाक्यं आणि शब्द, दहा मिनिटं ४-३-२ (एका दिवशी एकानेच), वीस मिनिटं चर्चा, पाच मिनिटं वही.

मोबाइलवर बोलणाऱ्या एआयशी सराव करत असाल तर त्याचा दोष एकच, तो फार सोशिक असतो. तुमचं अर्धवट वाक्य तो समजून घेतो आणि छानपैकी पुढे नेतो. त्याला आधीच सांगून ठेवा की वाक्य कळलं नाही तर अंदाज न बांधता 'व्हॉट डू यू मीन?' असं विचार. आणि त्या दिवशी रात्री जेवताना तोच विषय घरात कुणाला तरी दोन मिनिटांत इंग्रजीत सांगून बघा.