अमेरिकेतल्या कॉलेजात ट्रान्सफर घेताय? प्लेसमेंट टेस्टमध्ये या चुका टाळा

"सोमवारी प्लेसमेंट टेस्ट आहे," असं मी न्यू जर्सीहून फोनवर सांगितलं, तेव्हा नाशिकहून आई म्हणाली, "अगं, शिक्षण व्हायच्या आधीच नोकरी?" आपल्याकडे प्लेसमेंट म्हणजे कँपस इंटरव्ह्यू. अमेरिकेतल्या कॉलेजात मात्र तुम्हाला इंग्लिश आणि गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचं, हे ठरवणारी ही परीक्षा. तिच्यात पास-नापास नसतं, म्हणून मीही ती हसण्यावारी नेली. एस.वाय. बीएस्सीपर्यंत गणित झालेलं असूनही एक अख्खं सेमिस्टर इंटरमीजिएट अल्जेब्रात बसले. अशा खालच्या वर्गाची फी पूर्ण भरावी लागते, पण त्याचे क्रेडिट सहसा डिग्रीत धरत नाहीत.

गंमत म्हणजे मला ती परीक्षा द्यायची गरजच नव्हती. ट्रान्सफर विद्यार्थ्याने, म्हणजे काही शिक्षण दुसऱ्या कॉलेजात करून आलेल्याने, कॉलेज पातळीचं गणित सी ग्रेड किंवा त्याहून वर पास केलं असेल, तर बरीच कॉलेजं टेस्ट माफ करतात. मात्र तुमची मार्कशीट अधिकृतरीत्या त्यांच्याकडे पोहोचलेली असली पाहिजे. मी आधी टेस्ट दिली आणि मार्कशीटचं मूल्यांकन नंतर करून घेतलं; तेही चुकीच्या प्रकारचं. परदेशातलं शिक्षण इथल्या हिशेबात किती भरतं हे तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्था दोन प्रकारचे अहवाल देतात. साध्या अहवालात नुसतं 'एवढं शिक्षण झालं' इतकंच असतं. ट्रान्सफरसाठी कोर्स-बाय-कोर्स हवा, ज्यात प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड असतात. सोबत विद्यापीठाच्या शिक्क्याचा अभ्यासक्रमही ठेवा. 'मॅथ्स पेपर टू' या नावावरून आत काय शिकवलं ते इथल्या माणसाला कसं कळणार? इंग्लिशची सूट मात्र गृहीत धरू नका. आपला कम्पल्सरी इंग्लिशचा पेपर इथल्या कॉम्पोझिशनच्या, म्हणजे लेखनाच्या कोर्सच्या, जागी चालेलच असं नाही.

दुसरी चूक ऐकीव माहितीची. कॅलिफोर्नियातली मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे टेस्टबिस्ट काही नसते." तिचं खरं होतं. तिथे २०१७ साली एबी ७०५ हा कायदा झाला आणि कम्युनिटी कॉलेजांत शाळेतल्या ग्रेड पाहून वर्ग देऊ लागले. पण तो नियम त्या राज्यापुरता. तुमच्या कॉलेजात अ‍ॅक्युप्लेसर (इंग्लिश आणि गणिताची ऑनलाइन परीक्षा) आहे, अ‍ॅलेक्स (फक्त गणिताची) आहे की स्वतःची वेगळी परीक्षा, हे त्यांच्या टेस्टिंग सेंटरलाच विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका. कंपास ही परीक्षा २०१६ मध्येच बंद झाली, तरी तिचे सराव संच अजून फिरतात. अ‍ॅक्युप्लेसरचे गुण १२०पैकी सांगणारं पुस्तक हाती आलं, तर ते रद्दीत द्या. आताची मोजपट्टी २०० ते ३०० आहे.

गणितात आपण अडतो ते शब्दांवर. आपला एचसीएफ इथे जीसीएफ, सर्ड्स म्हणजे रॅडिकल्स, इंडायसेस म्हणजे एक्स्पोनंट्स. मी कुठे घसरले ते सांगते: ३४७.२६ ही संख्या 'नियरेस्ट टेन्थ'पर्यंत लिहायची होती. मी ३५० लिहून मोकळी. टेन्थ म्हणजे दशांश, उत्तर ३४७.३. 'टेन' आणि 'टेन्थ'मधला तो एक 'थ' मला नडला. तसंच 'एक्झॅक्ट' उत्तर मागितलं असेल तर वर्गमूळ दोन तसंच ठेवायचं, १.४१ करायचं नाही.

अ‍ॅक्युप्लेसर आणि अ‍ॅलेक्स या दोन्ही परीक्षा तुमच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न बदलतात. अ‍ॅक्युप्लेसरमध्ये उत्तर दिलं की मागे जाता येत नाही, त्यामुळे 'अवघड शेवटी बघू' ही बोर्डाची सवय इथे मोडावी लागते. वेळेचं बंधन नाही, तरी आपण सवयीने घाई करतो. अ‍ॅलेक्समध्ये जास्तीत जास्त ३० प्रश्न असतात आणि 'मला माहीत नाही' असं बटण असतं. येत नसेल तिथे ते खुशाल दाबा. अंदाजपंचे जमलं तर झेपणार नाही अशा वर्गात जाऊन पडाल. स्वतःचा कॅल्क्युलेटर सहसा चालत नाही. लागेल तिथे पडद्यावरच येतो. म्हणून आधी चार दिवस पाटीपेन्सिलीने आकडेमोड करा.

निबंधाचं दुखणं जुनं आहे. आपल्या हाडात फायदे, तोटे आणि शेवटी 'दोन्हींचा समतोल हवा' हे मुरलेलं. अ‍ॅक्युप्लेसरच्या राइटप्लेसर या निबंधाच्या भागात ३०० ते ६०० शब्द लिहायचे असतात आणि १ ते ८ गुण मिळतात. तिथे पहिल्याच परिच्छेदात एक बाजू घ्या. समजा विषय आला: कामात स्पर्धा बरी की सहकार्य? 'प्राचीन काळापासून मानव...' नको. आईच्या बचत गटात पीठ मळणारी वेगळी, पापड लाटणारी वेगळी, हिशेब ठेवणारी तिसरी. त्यामुळे दिवाळीची ऑर्डर वेळेत कशी गेली ते लिहा. असं एक उदाहरण नीट उलगडलं की परिच्छेद भरतो आणि मुद्दाही पटतो. शेवटची दहा मिनिटं फक्त 'अ' आणि 'द' शोधायला ठेवा, कारण मराठीत आर्टिकल नाही आणि आपण ती हमखास गाळतो. आणि 'आय पास्ड आउट इन २०१९' चुकूनही लिहू नका. इथे त्याचा अर्थ त्या वर्षी तुम्हाला चक्कर आली होती असा होतो.

निकाल मनासारखा आला नाही तर वर्गात नाव घालण्याआधी पुन्हा परीक्षा देता येते का ते विचारा. किती वेळा, किती दिवसांनी आणि किती पैसे, हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं. अ‍ॅलेक्समध्ये पहिल्या प्रयत्नानंतर तुमच्या कच्च्या धड्यांचा सराव उघडतो. मला ते कळलं तेव्हा सेमिस्टरची फी भरून झाली होती.